सापडला नाही

आमच्या मोताळ्यात नौदलातून निवृत्त झालेले एक साहेब राहत होते. बुलढाण्याच्या रस्त्याला त्यांचा बंगला होता, पुढे लिंबाची दोन झाडं आणि मागे विहीर. ते रिअर ॲडमिरल होते असं सगळे म्हणायचे, पण म्हणजे काय ते कोणाला नीट सांगता यायचं नाही. माझे वडील भाजी पिकवतात आणि आठवडी बाजारात विकतात. त्यांनी एकदा शेजारच्या कांदेवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "आगबोटीचा कलेक्टर समज."

"मंग तहसीलदाराले तं उभंच करत नसतीन," वडील म्हणाले, आणि त्यांच्यापुरता तो विषय तिथेच संपला.

मी साहेबांकडे गेले ते कॉलेजच्या कामासाठी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहास घेतला होता आणि मॅडमनी जिल्ह्यातल्या एका व्यक्तीचं जीवनचरित्र लिहून आणायला सांगितलं होतं. बाकीच्या मुलींनी आपापल्या गावचे जुने सरपंच, गुरुजी असे लोक घेतले. मी साहेबांचं नाव सांगितलं आणि मग घाबरले. इतक्या मोठ्या माणसाला काय विचारायचं असतं, मला माहीत नव्हतं. अजूनही फारसं माहीत नाही.

साहेबांनी नव्वदी ओलांडली होती. पत्नी गेलेली, मुलगा परदेशात. ऐकायला कमी यायचं, पण बोलणं स्वच्छ होतं. माझ्याशी ते पुस्तकी मराठी बोलायचे आणि मध्येच एखादा वऱ्हाडी शब्द यायचा, तोही आमच्या आजोबांच्या काळचा. गाव सोडल्यावर तो शब्द त्यांनी जसाच्या तसा ठेवला होता.

त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं. वडील शाळामास्तर. पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. खामगावला शाळेत असताना नौदलाच्या भरतीची जाहिरात पाहिली आणि समुद्र कधीही न पाहता अर्ज केला. निवड झाल्यावर आई रडली. एवढं शिकून शेवटी नावाडीच झाला, असं ती शेजारणीला सांगत होती. मग प्रशिक्षण, थंड देशातली दोन वर्षं, लहान जहाजं, मोठी जहाजं, आणि बांगलादेशच्या लढाईच्या वेळी एका युद्धनौकेचे ते कप्तान होते. त्यानंतर बढत्या होत गेल्या. पुढे तर अनेक जहाजांचा ताफा त्यांच्या हाताखाली होता.

मला वाटलं होतं, लढाईचा भाग ऐकताना अंगावर काटा येईल. तसं झालं नाही. त्यांच्या सांगण्यात लढाई म्हणजे बहुतेक वाट पाहणं होतं. खुर्चीत बसल्याबसल्या झोपायचं, थंड झालेला चहा प्यायचा, ओठांवर मीठ साचायचं. शत्रूचं बंदर अडवून धरायचं असतं, म्हणजे तिथून कोणाला निघू द्यायचं नाही, आणि आपणही जागा सोडायची नाही. मी हे लिहून घेत होते. एकदा मी विचारलं, "भीती वाटायची का?" ते म्हणाले, "कप्तानाला तेवढा वेळ नसतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "हे वाक्य खोडून टाक. सभेत बोलल्यासारखं झालं."

असे पाच-सहा रविवार गेले. एका रविवारी मी विचारलं की तुमच्या जहाजावर आपल्या जिल्ह्यातलं कोणी होतं का. मला वाटत होतं, चरित्रात स्थानिक माहिती असली की मॅडमना आवडेल. साहेब म्हणाले, होता एक, जानेफळचा. आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळले. मीही पुढे विचारलं नाही. मोठ्या माणसाला तेच तेच विचारणं मला जमत नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी मी तिथे असतानाच त्यांचा फोन वाजला. ऐकायला कमी येत असल्यामुळे ते फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवायचे, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं. जानेफळहून कोणी बोलत होता.

"साहेब, काकू म्हनते, टीव्हीवर दाखोलं का मासे मारनारे लोकं तिकडं पाकिस्तानच्या तुरुंगातून सोडले म्हून. त्याच्यात कोनी आपल्यासारखं बोलनारा म्हतारा हाये का, तेवढं पाहा म्हनते."

"पाहतो," साहेब म्हणाले.

"दरवेळी तुमाले तरास होते, पन तिचा जीव राह्यत नाही."

"पाहतो मी. सांग तिला."

फोन बंद झाला. मी विचारलं की कोणाचा फोन होता. ते म्हणाले, त्या जानेफळच्या खलाशाच्या पुतण्याचा. काकू म्हणजे त्या खलाशाची बायको. मी विचारलं, "ते अजून तिकडे तुरुंगात आहेत?"

"तो मेला," साहेब म्हणाले. "माझ्यासमोर मेला. मी त्याचे डोळे मिटले."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी लिहून घेतलं नाही. लिहायचं की नाही ते कळलं नाही, म्हणून पेन खाली ठेवलं.

तो मुलगा तोफेवर होता. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. साहेब त्याला बाकीच्यांसमोर हुद्द्याने हाक मारत, आणि आजूबाजूला कोणी नसलं की, "काय बे, जेवला का?" असं विचारत. तेवढीच दोघांची वऱ्हाडी. एका सकाळी शत्रूचं विमान खाली येऊन गोळ्या झाडून गेलं. त्याच्या पोटात छर्रे लागले. दुपारपर्यंत तो होता. जहाजाला जागा सोडून बंदरात परतायचा हुकूम नव्हता, कधी मिळेल ते माहीत नव्हतं, आणि प्रेत ठेवायला जहाजावर जागा नव्हती. अशा वेळी नौदलात जे करतात तेच त्यांनी केलं. त्याला जाड कापडात शिवलं, पायाशी वजन बांधलं, फळीवर ठेवून वर झेंडा घातला आणि फळी कलती केली. झेंडा हातात राहतो, माणूस जातो. हुकूम साहेबांचाच होता.

घरी दोन ओळींची इंग्रजी तार गेली, लढाईत मृत्यू झाला एवढीच. बाकीचं साहेबांनी कळवू दिलं नाही. आपल्या जिल्ह्यातला मुलगा आहे, आपण स्वतः जाऊन सांगू, असं त्यांनी ठरवलं. लढाई संपल्यावर सुट्टी काढून ते जानेफळला गेले. मुलाचा बाप ओट्यावर बसला होता. त्याने दुसरं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पोराले अग्नी कोनं देल्ला?"

साहेब मला म्हणाले, "तुला माहीत आहे. आपल्याकडे अग्नी कोणाला देत नाहीत?"

मी म्हणाले, "तान्ह्या लेकरांना."

"तो बावीस वर्षांचा होता. त्याला कापडात गुंडाळून पाण्यात सोडलं असं त्या म्हाताऱ्याला कसं सांगू? दुसऱ्या कुठल्या कप्तानाने सांगितलं असतं. त्याला कळलंच नसतं की यात सांगू नये असं काय आहे. मला कळत होतं. मी म्हटलं, बाबा, तो सापडला नाही."

त्यांना तेव्हा वाटलं, हे बरं झालं. सापडला नाही म्हणजे समुद्राने नेला. आपल्या माणसांनी टाकला असं होत नाही. म्हाताऱ्याने मान हलवली. पण दाराआड त्याची सून उभी होती. सापडला नाही हे तिनेही ऐकलं, आणि तिने त्याचा अर्थ लावला की मग तो कुठेतरी आहे. तिने कुंकू पुसलं नाही. सासऱ्याने सांगितलं, माहेरच्यांनी दुसरं लग्न लावून द्यायचं म्हटलं, तिने ऐकलं नाही. नवरा सापडायचा आहे, म्हणाली. सरकारकडून दर महिन्याला जे येतं तो नवऱ्याचा पगार आहे असं ती आजही समजते.

साहेबांना हे पुष्कळ वर्षांनी कळलं. निवृत्त होऊन मोताळ्याला आल्यावर ते दोनदा तिच्याकडे जाऊन आले. दोन्ही वेळा तिने विचारलं, काही खबर लागली का. दोन्ही वेळा ते नाही म्हणाले आणि परत आले.

"आता मी गेलो तर तिला सांगणारं कोणी उरत नाही," ते म्हणाले. "त्या जहाजावरचं आता कोणी नाही. ती पाहतच राहील." मग मला विचारलं, "तू सोबत येशील का? मला तिथे गेल्यावर बोलायला होत नाही."

मी हो म्हणाले. मला तेव्हा वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. घरी गेले, भाकरी केल्या, वडिलांना वाढलं. काहीतरी वाटायला पाहिजे असं वाटत होतं, पण ते येत नव्हतं.

चैत्र संपत आला होता. भाड्याची गाडी करून आम्ही नांदुरा, खामगाव करत जानेफळला गेलो. खामगावच्या पुढे साहेबांनी काच खाली करायला सांगितली आणि वारा गरम आहे म्हणून पुन्हा वर करायला सांगितली.

काकू पुतण्याच्या घरात राहत होती. पुढच्या खोलीत सुपात गहू घेऊन खडे वेचत बसली होती. लहानखुरी बाई, केस पांढरे, कपाळावर ठसठशीत कुंकू. साहेबांना पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, पण सूप खाली ठेवलं नाही. पुतण्याने खुर्ची आणली. मी खाली तिच्याजवळ बसले.

"पाह्यलं का?" ती म्हणाली. "हाये का त्याच्यात?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खरं म्हणजे मी काय बोलायचं ते आम्ही ठरवलंच नव्हतं. मग ते स्वतःच बोलायला लागले. मला सांगितलं होतं तसंच सांगितलं, त्याच क्रमाने, फक्त वऱ्हाडीत. विमान, छर्रे, दुपार. जाड कापड, वजन, फळी. "मी तुह्या सासऱ्याले खोटं सांगतलं. तो सापडला होता. माह्या हातानं सोडला मी त्याले."

पुतण्या दारात उभा होता. तो म्हणाला, "साहेब, हे आता काऊन सांगून राह्यले तुमी?"

काकूचे हात थांबले होते. पण ती रडली नाही. मला वाटलं तिला कळलं नसेल, म्हणून मी पुन्हा सांगायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "समजलं माय. मी बह्यरी नाही."

मग तिने साहेबांना प्रश्न विचारले. एकामागून एक, हळू आवाजात, जणू लग्नाहून आलेल्या माणसाला तिथली हकिकत विचारावी तसे. अंगावर काय होतं. कोण कोण होतं. देवाचं कोणी काही म्हटलं का. साहेब म्हणाले, जेवढं पाठ होतं तेवढं म्हटलं. मग तिने विचारलं, "तोंडात पानी घातलं का कोनी?"

"मी घातलं."

"समुद्राचं?"

"नाही. गोडं."

"थेच पह्यलं अन् थेच शेवटचं," ती म्हणाली.

आम्हाला कळलं नाही हे तिला दिसलं असावं. ती सुपाकडे बघत म्हणाली, "म्हंजे इतकी वर्सं तो तहानेला राह्यला."

आमच्या भागात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने नवी घागर भरतात. ऐन उन्हाळ्याचा सण आहे. वर गेलेल्यांना तहान लागते, वर्षातून एकदा आपल्या घरची घागर त्यांना पोहोचते, असं मानतात. काकू दरवर्षी सासूची, सासऱ्याची घागर भरत आली होती. नवऱ्याची भरली नव्हती. जिवंत माणसाची घागर भरायची म्हणजे आपल्याच हाताने त्याला मारायचं. ते ती कसं करेल? आणि तो तिकडे खाऱ्या पाण्यात.

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा काही बदलला नाही. पण काकूची खोटी आशा, तिचं न झालेलं दुसरं लग्न, यांचा त्यांनी इतकी वर्षं विचार केला असेल. घागरीचा विचार त्यांनी केला नव्हता, हे मला दिसलं. आणि आपल्याकडचा माणूस म्हणूनच तर त्यांनी ते खोटं सांगितलं होतं.

ते म्हणाले, "मी काय करू, ते सांग."

काकूने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "आखाजीले या. पितर तुमी बसा."

घागर भरली की त्या दिवशी मेलेल्याच्या नावाने एका माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. त्या दिवसापुरता तोच पितर. पुतण्या लगेच म्हणाला की काकू, असं कोणालाही बसवत नाहीत, भाऊबंदातला माणूस लागतो, लोक काय म्हणतील.

"भाऊबंदातलं कोन होतं तिथं?" काकू म्हणाली. "हेच होते ना."

पुतण्याची बायको आतून बाहेर आली होती. तिने हळूच काकूला विचारलं की मग आता कुंकवाचं काय. काकू म्हणाली, "पुसायचं वय निंघून गेलं, बाई. राहू दे."

निघताना मी तिला भीतभीत विचारलं की हे मी माझ्या कॉलेजच्या कामात लिहू का. ती माझ्याकडे पाहत राहिली. कोणी हे लिहील, वाचेल, असं तिच्या मनात आलेलं नसावं. "लेह्य," ती म्हणाली. "पन नाव नको टाकू कोनाचं."

कॉलेजच्या चरित्रात मी ते लिहिलं नाही. जहाजं लिहिली, हुद्दे लिहिले, बढत्या लिहिल्या. जानेफळचा एक खलाशी त्यांच्या जहाजावर होता आणि तो लढाईत वारला, असं एक वाक्य लिहिलं. मॅडमनी चांगलं म्हटलं. मला ते चुकीचं वाटत होतं, पण बाकीचं कुठे बसवायचं ते मला समजलं नाही.

आखाजीच्या दिवशी आमच्याही घरी घागरी होत्या. मी सकाळीच आमच्याकडचं आटपलं. वडिलांना सांगितलं की साहेबांबरोबर जाते आहे. मला वाटलं ते रागावतील, सणाच्या दिवशी परक्याच्या घरी कशाला म्हणून. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "जाय. म्हताऱ्याले पाटावरून उठवाले तरी कोनी पाह्यजे."

जानेफळला पोहोचलो तेव्हा मधल्या खोलीत तिन्ही घागरी मांडलेल्या होत्या. तिसरी नवी कोरी, पाण्याने घाम फुटलेली, वर एक आंबा ठेवलेला. काकूने हळदकुंकू वाहिलं. कोणी मोठ्याने काही म्हटलं नाही. पुतण्याचं तोंड अजून उतरलेलंच होतं, पण साहेबांना पाटावर बसवताना त्यानेच हात धरला. साहेबांचे गुडघे वाकत नव्हते. मी एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने, असं करून आम्ही त्यांना बसवलं. त्यांनी पांढरा सदरा घातला होता. गळ्याशी तो मोठा झाला होता.

काकूने ताट वाढलं. पुरणपोळी, आंब्याचा रस, कढी, भजी, कुरड्या, भात. मला माहीत होतं की साहेब दुपारी अर्धी भाकरी आणि ताक घेतात. मी पुतण्याच्या बायकोला तसं सांगायला गेले, पण तिने मला डोळ्यांनीच थांबवलं.

ते जेवायला लागले. सावकाश, मान खाली घालून. घागरीतलं पाणी काकूने तांब्यात काढून दिलं. ते प्यायले. तिने पुन्हा भरला, पुन्हा प्यायले. एक पोळी संपली तेव्हा त्यांना धाप लागली होती. काकू दुसरी पोळी घेऊन वाकली तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"बस झालं," ते म्हणाले. "जात नाही मले."

काकू तशीच वाकून उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं.

"हात काढा," ती म्हणाली. "तो जेवून राह्यला, तुमी नाही."

साहेबांनी हात काढला. तिने पोळी वाढली, तिच्यावर तूप सोडलं आणि ताटासमोर खाली बसली.